आधी ओ तूच द्यायचास

सुनील,

तू गेल्याचं मला कुणी सांगितलं नाही. मी जिवंत आहे का, हे विचारायला फोन आला होता.

दुपार कलली होती. सातपूरच्या दुकानात मी कुणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स जुळवत बसलो होतो. त्या पोराच्या डोक्यावर मुकुट काही नीट बसेना, म्हणून वैतागलेला. तेवढ्यात बाळूचा फोन. आपला बाळू, सायखेड्यात ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान थाटून बसलेला, ज्याला एरवी माझी आठवण फक्त निवडणुकीत येते. मी हॅलो म्हणालो. तिकडून काहीच नाही, नुसता श्वास ऐकू येत होता. मग एकदम घाबऱ्या आवाजात, "कोण बोलतंय?"

"कोण म्हणजे? सुनील बोलतोय. फोन तू लावलास ना?"

"कोणता सुनील?"

"अरे, कारभारीचा सुनील! डोकं फिरलं का तुझं?"

"तू होय!" बाळूनं एवढा मोठा सुस्कारा सोडला की मी फोन कानापासून लांब धरला. "हुश्श! लय बरं झालं बाबा. अरे, आपल्या वर्गाच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलंय, आपला सुनील गेला म्हणून. मला वाटलं तूच. तुला शुगर हाय ना, म्हणून म्हटलं..."

आणि तो बोलता बोलता थांबला. आपल्या वर्गात सुनील दोनच होते रे. त्यातला एक फोनवर बोलत होता.

त्यानंतर मी पहिली गोष्ट काय केली माहीत आहे? तुला फोन लावला. वाजत राहिला. मग कुणीतरी उचलला आणि परका आवाज म्हणाला, "तुम्ही त्यांचे कोण?" मी सवयीनं म्हणालो, "मी सुनील." पलीकडचा माणूस काय समजला देव जाणे, त्यानं फोन दुसऱ्याच्या हातात दिला.

पहिली पाळी संपवून तू बाहेर आला होतास म्हणे. पार्किंगमध्ये गाडीजवळ गेलास आणि खाली बसलास. बरोबरच्यांना वाटलं, किल्ली पडली असेल, शोधतोय. बराच वेळ उठला नाहीस तेव्हा त्यांनी हाका मारल्या. रिक्षात घातलं, पळवलं, पण वाटेतच सगळं संपलं होतं. मला त्या सगळ्यात एकच गोष्ट खुपते. लोक तुला हाका मारत होते आणि तू ओ दिली नाहीस. हे तुझ्या स्वभावात नव्हतं.

त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशीही माझा फोन वाजत राहिला. मुंबईहून, पुण्याहून, येवल्याहून. ग्रुपवर टाकणाऱ्या गाढवानं नुसतं "आपला सुनील" लिहिलं होतं, बापाचं नाव घातलं नव्हतं. आयुष्यभर आपल्याला बापाच्या नावाशिवाय कुणी ओळखलं नाही आणि नेमकं तेव्हाच ते गाळलं. प्रत्येक फोनवर तेच. आधी भीत भीत हॅलो, मग "कोणता?", मग "तू होय! हुश्श!" काही जण तर आनंदानं हसलेसुद्धा. आणि मग त्यांच्या लक्षात यायचं की आपण कशावर हसलो. तेवढ्या वेळात मला तू पुन्हा एकदा गेल्यासारखा वाटायचास. मला त्यांचा राग आला नाही. मी वाचलो याचा त्यांना आनंद होता, त्यात राग कसला धरायचा? पण माझं वाचणं म्हणजे तुझं नसणं, एवढा सरळ हिशेब कुणाच्याही वाट्याला येऊ नये. शेवटी बायकोनं फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि तीच सगळ्यांना सांगायला लागली, "ते नाही, पुंजाबांचे सुनीलभाऊ."

नाव एक, आडनाव एक, गल्ली एक. भाऊबंदकी नाही, नातं नाही, निम्म्या गावाचं आडनाव एकच असल्यावर दुसरं काय होणार? गुरुजी हजेरीत "सुनील पुंजाबा" आणि "सुनील कारभारी" म्हणायचे. गावात पोरं एकमेकांना बापाच्या नावानं चिडवतात, आपल्याला मात्र ते चिडवणं वाटलंच नाही, तीच आपली नावं झाली. आठवतं का, शाळेसमोरून माझे वडील खरोखरच सायकलवरून चालले होते आणि तू मला उद्देशून बोंबललास, "ए कारभारी, चेंडू फेक की!" ते बिचारे सायकलवरून उतरले, चेंडू उचलला, नेम धरून तुझ्याकडं फेकला आणि निघून गेले. घरी आल्यावर मला म्हणाले, "पुंजाबाचा पोरगा मोठ्या माणसाला नावानं हाक मारतो, पण गोड मारतो." तू महिनाभर आमच्या घरासमोरून तोंड लपवून जात होतास.

नावावर हक्क तुझा, असं तुझं कायम म्हणणं. तू माझ्यापेक्षा काही दिवसांनी मोठा. "तुला माझं नाव उष्टं मिळालंय," असं चारचौघांत म्हणायचास. मी म्हणायचो, "मग तू मेलास की माझं एकट्याचं होईल." किती सहज म्हणायचो रे. आता झालं ते माझं एकट्याचं. मला नको आहे, घेऊन जा.

तर ते ओ देण्याचं.

गुरुजी चिडले किंवा घाईत असले की बापाचं नाव गळायचं. नुसतं "सुनील!" असं ओरडायचे. मग जायचं कोणी? आपल्यातच ठरलं, जो आधी ओ देईल तो जाईल. मी असा आळशी की ओठ घट्ट मिटून खिडकीबाहेर बघत बसायचो. आणि तू? गुरुजींच्या तोंडातून 'नील' बाहेर पडायच्या आत तुझी "ओ!" आलेली असायची. पाण्याचा माठ भरायला तू, खडू आणायला तू, साहेब आले तर खुर्ची उचलायला तू. एकदा गुरुजींनी अशीच हाक मारली. तू पळालास. परत आलास तो हातात पेन घेऊन. हस्ताक्षराच्या स्पर्धेचं बक्षीस होतं, माझं. माझ्या बाकावर ठेवून म्हणालास, "घे, तुझं हाय म्हणे." सगळा वर्ग हसला.

मी घरी जाताना तुला विचारलं होतं, "तुला बरं वाटतं का रे, सारखं पळायला?" तू म्हणालास, "हाक आली तर वाया जाऊ द्यायची नाय. जिजी सांगती."

तुझी आई, जिजी. पुंजाबाकाका तू सहावीत असताना गेले. तेव्हापासून त्या घरात हाक मारणारी एक आणि ओ देणारा एक, दोनच माणसं उरली. जिजी दिवसभर शेतात, घरी आली की दारात उभी राहून तुला हाक मारायची. तिचा आवाज तुला सांगायला नको. आपण नदीत डुंबत असायचो आणि ती दारातून "सुनीऽऽल" म्हणायची ते घाटाखाली पाण्यात ऐकू यायचं. माझ्या आईचा आवाज कोपऱ्यापर्यंतही पोचायचा नाही, त्यामुळं आमच्या घराचं कामही जिजीच्या हाकेवर भागायचं. एका हाकेत दोन पोरं. तू बुडी मारलेली असली की ओ यायला उशीर व्हायचा, मी तर द्यायचोच नाही. मग दुसरी हाक यायची, जरा वैतागून, "दोघातल्या कुणीतरी ओ द्या ना रे!" ती ऐकून तू पाण्यातून डोकं वर काढायचास आणि नाकातोंडात पाणी असतानाच "ओऽऽ" करायचास. मग ठसका. मग आपण ओल्या चड्डीनं तिच्या चुलीपुढं. ती भाकरी मोडून दोघांच्या ताटात टाकायची आणि म्हणायची, "नाव येक ठिवलं ते बरं केलं, घसा वाचतो."

या नावानं तुझं लग्न जवळजवळ माझ्याशी लागलं होतं. म्हणजे तुझ्या बायकोचं. येवल्याहून तुला बघायला पाहुणे आले, स्टँडवर उतरले, "सुनीलचं घर कोणतं?" म्हणून विचारलं आणि कुणीतरी आमचं घर दाखवलं. आईला वाटलं, माझ्यासाठी कुणी स्थळ सुचवलं असेल. तिनं पोहे केले. पाहुण्यांनी मला नोकरी विचारली. मी तेव्हा दुकानांच्या पाट्या रंगवायचो, ते ऐकून ते जरा एकमेकांकडं बघायला लागले, पण अक्षर बघून खूश झाले. चहा झाला, सुपारी झाली, मग त्यांच्यातल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "पुंजाबा जाऊन किती वर्षं झाली?" माझे वडील समोरच बसलेले. तुझ्या घरी जिजीनं तोवर दोनदा पोहे गरम केले होते.

संगीतावहिनी त्यावरून आजवर मला पिडत आली. "पहिलं पसंत तर तुम्हालाच केलं होतं भाऊजी, थोडक्यात वाचले तुम्ही." तू शेजारी बसून दात काढायचास. परवा तुझ्या घरी गेलो तेव्हा तिनं मला बघितलं आणि तोंड फिरवलं. मला कळलं तिला काय आठवलं असेल ते. आमच्यातली ती थट्टा आता कुणीच करू शकणार नाही, ना ती, ना मी.

नाशिकला आपण एकाच वर्षी आलो. तू आयटीआय करून सातपूरच्या कारखान्यात लागलास, मी ब्रशनं पाट्या रंगवत राहिलो, मग ब्रश गेला आणि फ्लेक्सचं यंत्र आलं. पहिल्या पाळीहून सुटलास की तू दुकानात यायचास. चहा प्यायचास आणि मी जे काही करत असेन त्याला नावं ठेवायचास. "तू जिवंत माणसाला 'भावी' करतोस आणि मेलेल्याला गोरा करतोस." खरंच आहे, गिऱ्हाईक सांगतंच तसं, जरा उजळ करा. तू म्हणायचास, "माझा लावलास तर मला आहे तसा काळा ठेव. नाहीतर वर गेल्यावर बाप ओळखायचा नाही." आणि नावं ठेवून झाली की दिवसभर यंत्रापुढं उभा राहिलेला तू माझ्याबरोबर बॅनर बांधायला यायचास. मी शिडीवर, तू खाली. तार ओढून धरायचास. सण असो, जयंती असो, कुणाचा वाढदिवस असो, तुला त्या माणसांशी काही देणंघेणं नसायचं. मी वरून "सुनील, ढील दे" म्हणालो की तू खालून "ओ, दिली" म्हणायचास. या गावात माझा असा दुसरा माणूस झाला नाही आणि मी तुला हे कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू हसला असतास.

आपलं भांडण मात्र अर्धंच राहिलं आहे. ते आज पूर्ण करतो, तुला उलटून बोलता येणार नाही म्हणून नव्हे, तर मला ते आता एकट्यानं पेलवत नाही म्हणून.

जिजी सायखेड्यात एकटी. दर सुटीला तू गाडी काढून तिच्याकडं जायचास. मी म्हणायचो, तिला इकडं आण. दोन खोल्यांचा का होईना, तुझा फ्लॅट आहे, दवाखाने आहेत, सून आहे, नात आहे. तू म्हणायचास, "ती इथं हाक कुणाला मारणार?" मला राग यायचा. मी म्हणायचो, "हाकेसाठी कुणी माणसाला एकटं ठेवतं का?" तू म्हणायचास, "तू समजत नाय. एकदा आणली होती. किचनमधून हाक मारली आणि वरच्या मजल्याचे लोक जिन्यात आले, काय झालं म्हणून. त्या दिवसापासून ती हळू बोलायला लागली. हळू बोलणारी जिजी मला बघवली नाय." मग तुझं दुसरं सुरू व्हायचं, नोकरी सोडतो, गावाला जातो, बापाच्या वावरात द्राक्षं लावतो. त्यावर मी अजून चिडायचो. पोरगी कॉलेजात आहे, ऋतुजाचं शिक्षण होऊ दे, थोडं थांब. तू थांबलास. तू जायच्या आदल्या आठवड्यात, म्हणजे शेवटच्या चहाला, पुन्हा तोच विषय निघाला. तू म्हणालास, "तुझं सगळं बरोबर हाय, पण तुला ओ द्यायची सवय नाय ना." आणि गाडीला किक मारून गेलास. मी उत्तर तयार ठेवलं होतं. चांगलं सणसणीत होतं. तू पुन्हा आलास की देणार होतो.

मला अजूनही वाटतं की माझंच बरोबर होतं. वयस्कर बाईनं एकटं राहू नये. तू असतास तर मी हेच म्हणालो असतो आणि तू हरला असतास. आता तू समोरच्या बाजूला नाहीस, तर मला जिंकायचंही नाही.

दशक्रियेचा फ्लेक्स माझ्याकडंच आला. येणारच होता. दुकानातल्या वैशालीला म्हणालो, सरक, मी करतो. "भावपूर्ण श्रद्धांजली" हे शब्द मी आजवर किती वेळा टाकले असतील, बोटं आपोआप चालतात. खाली "कै." टाकलं. मग माझं नाव टाकलं. मग हात थांबला. पुढं 'पुंजाबा' टाकेपर्यंत त्या पडद्यावर मी मेलेला होतो. वैशालीनं माझ्याकडं बघितलं, मग पडद्याकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावून बाहेर निघून गेली. मी 'पुंजाबा' टाकलं. मग तू मेलास. खरं सांगतो, त्या दोघांतलं कोणतं जास्त वाईट वाटलं हे मला ठरवता आलं नाही.

फोटो मिळेना. ग्रुपवरचे सगळे फोटो स्नेहमेळाव्यातले, फेटा बांधलेले. शेवटी आपल्या दोघांचा सापडला, घाटावरचा, बाळूनं काढलेला. माझा हात तुझ्या खांद्यावर. मी मला कापून टाकलं, पण तुझ्या खांद्यावर माझी बोटं राहिली. लोकांच्या फोटोतले असे हात मी रोज पुसतो. व्याह्याचा हात, जावयाचा हात, भांडण झालेल्या भावाचा हात. शर्टाच्या रेषा पुढं ओढल्या की झालं, चहा निवायच्या आत होणारं काम. तुझा चौकड्याचा शर्ट होता. मी तुझा शर्ट जुळवत बसलो, जुळवत बसलो आणि जमेना. शेवटी तसाच छापला. आणि तुला गोरा केलं नाही. वेशीवर लावल्यावर एक-दोघांनी विचारलंही, खांद्यावर काय आलंय? मी म्हणालो, छपाईचा दोष आहे.

तो बांधायला कुणी तार धरली ते मला आठवत नाही. मी वरून "सुनील, ढील दे" म्हणालो एवढं आठवतं. खाली उभ्या असलेल्या माणसांनी माना खाली घातल्या.

दशक्रियेला नदीवर सगळं गाव होतं. महाराजांचं प्रवचन झालं, मग पुढाऱ्यांची भाषणं. ज्यांनी तुला कधी बघितलंही नव्हतं ते तुला मनमिळाऊ म्हणाले. मग सूत्रसंचालक माईकवर म्हणाला, "आता स्वर्गीय सुनीलरावांबद्दल त्यांचे वर्गमित्र सुनीलराव दोन शब्द बोलतील." मागच्या बायकांत कुजबुज झाली. मी उठलो, माईक हातात घेतला. समोर वहिनी, ऋतुजा, सगळ्यात पुढं जिजी. डोक्यावरून पदर, हात मांडीवर, माझ्याकडं बघत होती. मला एवढंच बोलायचं होतं की हा माणूस पहिल्या हाकेला ओ द्यायचा. सहाच शब्द. घशातून आवाज निघेना. माईकमधून माझा नुसता श्वास सगळ्या घाटावर ऐकू जात होता. सूत्रसंचालकानं हळूच माईक काढून घेतला आणि म्हणाला, "सुनीलरावांच्या भावना आपण समजू शकतो." कोणत्या सुनीलरावांच्या, ते त्यानंही सांगितलं नाही. म्हणून हे तुला लिहितो आहे.

जेवणाची पंगत तुझ्या अंगणात उठली. माणसं पांगली. वहिनीनं मला गोठ्याशेजारी गाठलं. गोठ्यात आता काही नाही, तुला माहीतच आहे. ती म्हणाली, "भाऊजी, जिजींना नाशिकला न्यायचंय. मला इथं राहता येणार नाही, ऋतुजाचं कॉलेज आहे. त्यांना इथं एकटं कसं ठेवू? पण त्या काही माझं ऐकायच्या नाहीत. तुम्ही सांगा. तुमचं ऐकतील. तुम्ही यांना पण तेच सांगायचात ना." मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? एवढी वर्षं ज्या मुद्द्यावर तुझ्याशी भांडलो, तो मुद्दा आता माझ्या हातात दिला होता आणि अडवायला कुणी नव्हतं. मी अंगणाच्या टोकाला, कडुनिंबाखाली जाऊन बसलो. वाक्य जुळवत होतो. जिजी, दोन महिने तर चल. जिजी, नातीसाठी चल. कोणतंच वाक्य तिच्या दारापर्यंत नेण्यासारखं वाटेना.

तेवढ्यात आतून हाक आली.

"सुनीऽऽल!"

तशीच रे. पूर्वीसारखीच, वरच्या पट्टीत, नदीपर्यंत जाणारी. अंगणात भांडी घासणाऱ्या बायकांचे हात थांबले. वहिनी भिंतीला टेकली. बाळू मंडपाची दोरी सोडत होता, तो तसाच उभा राहिला. तू गेल्याचा तिला विसर पडला होता, की तिला मीच हवा होतो, ते मला अजून कळलेलं नाही. आणि मी काय केलं सांगू? मी गप्प बसलो. घाबरलो म्हणून नाही, रडू आलं म्हणूनही नाही. सवयीनं. आता तू आधी ओ देशील, म्हणून मी थांबलो. खरंच थांबलो. तुझ्या ओसाठी जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ गेला, मग तू पाण्याखाली असल्यावर लागायचा तेवढाही गेला.

आतून पुन्हा आवाज आला, जरा वैतागलेला. "दोघातल्या..."

आणि तिथंच तुटला. पुढचं ती बोलली नाही.

मी उभा राहिलो. माईकवर जो निघाला नव्हता तो आवाज कुठून आला माहीत नाही, पण निघाला. "ओ, जिजी!" एवढ्या मोठ्यानं मी आयुष्यात कुणाला ओ दिली नव्हती. कडुनिंबावरची पाखरं उडाली.

जिजी दारात आली. कपाळावर आडवा हात धरून तिनं अंगणात इकडं तिकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. नाशिकचं, नातीचं, दोन महिन्यांचं, जे जुळवलं होतं त्यातलं एक अक्षरही मला बोलता आलं नाही.

"तू व्हय," ती म्हणाली.

इतक्या दिवसांत किती जणांनी मला हेच म्हटलं होतं, आणि प्रत्येकानं मागून हुश्श केलं होतं. तिनं केलं नाही, सुनील. हात खाली घेतला आणि आत गेली.